निवड-परीक्षा आणि वर्गातील उरलेली मुले

मोडनिंबसारख्या बाजाराच्या गावी पाचवीच्या वर्गात दुकानदाराचा मुलगा, शिक्षकाची मुलगी व शेतमजुराचे मूल एकाच फळ्याकडे पाहून शिकत असतात. नवोदय विद्यालयाच्या निवड-परीक्षेचे अर्ज निघाले म्हणजे मात्र या वर्गाचे नकळत दोन भाग पडतात.

सोलापूर जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय शेजारच्या मोहोळ तालुक्यात पोखरापूर येथे आहे. जिल्ह्याचे तालुके 11 आणि सहावीच्या जागा 80. परीक्षा दोन तासांची. प्रश्न 80, गुण 100, म्हणजे एका प्रश्नास सव्वा गुण. निवडलेल्या शेवटच्या मुलात व वगळलेल्या पहिल्या मुलात एवढेच अंतर असणे अशक्य नाही. परंतु त्याचे परिणाम बारावीपर्यंत सात वर्षे चालतात आणि पुढे वैद्यकीय वा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचतात. बरे, सहावीची ही परीक्षा मुलास एकदाच देता येते.

किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखलेल्या असतात. हेतू रास्त आहे. तथापि हा नियम गाव व शहर यांतील भेद पाहतो. गावातल्या गावातील भेद त्यास दिसत नाही. शिकवणी लावलेले मूल आणि आईबापांमागे ऊसतोडीस जाणारे मूल, दोघेही ग्रामीणच. शिवाय तिसरी ते पाचवी ही तीनही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत पूर्ण झालेली असावी लागतात. ज्याचे शाळेचे वर्ष दिवाळीनंतर तुटते, त्यास ही अटच जड जाते.

कोठारी आयोगाने 1966 साली सर्वांसाठी समान शाळेची शिफारस केली. 1968 च्या राष्ट्रीय धोरणाने ती स्वीकारली. 1986 च्या धोरणाने तिचा पुनरुच्चार केला व त्याच धोरणाने नवोदय विद्यालयेही दिली. दोन वाटा एकाच कागदावर आल्या. चालली ती दुसरीच. इंग्लंडात 1944 च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षाच्या सुमारास परीक्षा घेऊन मुलांच्या शाळा निराळ्या केल्या जात. तेथील सरकारने 1965 साली सर्वांसाठी एकच शाळा करण्याविषयी परिपत्रक काढले, तरी काही भागांत ती निवड अद्याप चालू आहे. एकदा रुजलेली निवड सहजासहजी निघत नाही.

तेव्हा ती नाहीशी होण्याची वाट पाहत बसणे व्यर्थ होय. जे शिक्षकाच्या हाती आहे ते वेगळेच आहे. शाळा सुटल्यावर तीनचार ‘होतकरू’ मुलांस मागे ठेवून तयारी करून घेण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आढळते. वस्तुतः या परीक्षेतील निम्मे प्रश्न मानसिक क्षमतेचे असतात: वेगळी आकृती ओळखणे, अपुरी आकृती पूर्ण करणे, आरशातील प्रतिमा शोधणे. त्यांस महागडे पुस्तक लागत नाही. फळा व खडू पुरेत. रोज दहा मिनिटे संपूर्ण वर्गापुढे असे दोन प्रश्न मांडले, तर निवड न होणाऱ्या मुलांच्याही विचारास वळण लागते.

अर्ज संगणकावरून भरावा लागतो व त्यासोबत मुख्याध्यापकांचा दाखला लागतो. दाखल्यांची यादी वर्गाच्या हजेरीपटावरून करावी. जे पालक विचारण्यास आले तेवढ्यांचीच करू नये.