मालमोटारीच्या डिझेल इंजिनातील वेगळा आवाज : परीक्षा व उपाय

शेतमाल पिकविण्याइतकेच तो वेळेवर बाजारपेठेत पोहोचविणेही महत्त्वाचे आहे. नाशिक भागातील भाजीपाला रात्री भरून कसारा घाटाने मुंबईच्या बाजारात पहाटेपूर्वी न्यावा लागतो. वाटेत इंजिन निराळा आवाज करू लागल्यास "एवढी खेप पोहोचवू, मग पाहू" असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. काही आवाजांच्या बाबतीत तो चालून जातो; काहींच्या बाबतीत थोड्याच अंतरात इंजिन निकामी होते. एका खेपेचा माल नासला तर तो तोटा पुढे भरून काढता येतो. पण क्रँक मोडल्यास सबंध हंगाम हातचा जातो. म्हणून कोणत्या आवाजाला गाडी जागीच थांबवावी, हे प्रत्येक मालमोटारधारक शेतकऱ्यास माहीत असले पाहिजे.

नेहमीचा आवाज

डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. सिलिंडरातील हवा दाबून तिचे आकारमान सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्श्याइतके केले जाते. त्यामुळे ती अतिशय तापते व तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. नेहमीची कडकड यामुळेच होते. इंजिन थंड असता डिझेल पेटण्यास किंचित अधिक वेळ लागतो. तेवढ्यात साचलेले डिझेल एकदम पेटते व कडकड वाढते. इंजिन तापल्यावर ती कमी झाली तर तो दोष समजू नये.

प्रथम नोंद करावी

आवाज आल्यावर पुढील गोष्टी पाहून लिहून ठेवाव्यात :

(१) आवाज इंजिन थंड असता येतो की तापल्यावर?
(२) इंजिनाच्या वेगाबरोबर तो जलद होतो काय?
(३) चढावर, ओझ्याखाली वाढतो की ॲक्सिलरेटर सोडल्यावर?
(४) वरून, खालून, पुढून की बाजूने येतो?
(५) धूर, ऑइलचा दिवा, उष्णता व ताकद यांत काही फरक पडला आहे काय?

क्लच दाबताच आवाज बदलल्यास दोष क्लच अथवा गिअरबॉक्समध्ये असण्याचा संभव असतो. उभ्या गाडीत इंजिनाचा वेग वाढवूनही आवाज येत नसेल व गाडी चालू लागताच येत असेल, तर चाके व आस तपासावेत.

ऐकण्याची रीत

गाडी मोकळ्या जागी, गिअर काढून, हँडब्रेक ओढून व चाकांना दगड लावून उभी करावी. बंद खोपटात इंजिन चालवू नये. तेथे विषारी वायू साचतो. कोरड्या लाकडी काठीचे एक टोक इंजिनाच्या न हलणाऱ्या भागावर व दुसरे कानाशी धरावे. जेथे आवाज सर्वांत स्पष्ट, तेथे दोष जवळ. उपरणे, सैल बाह्या व हात पंखा आणि पट्टा यांपासून दूर ठेवावेत.

आवाज व त्यांची कारणे

वरून येणारी बारीक टिकटिक : टॅपेटमधील अंतर वाढले असावे. व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडत असल्याने ही टिकटिक इंजिनाच्या निम्म्या वेगाने येते. खेप पूर्ण करून अंतर बसवून घ्यावे.

एकाच सिलिंडरातून तीक्ष्ण ठोका व काळा अथवा पांढरा धूर : नोझल बिघडले असावे. फार काळ तसेच चालविल्यास पिस्टन जळू शकतो.

बाजूने फट्‌फट् व सांध्याजवळ काजळी : धूर बाहेर नेणाऱ्या नळाचा गॅस्केट फुटला आहे.

पुढून किंकाळीसारखा आवाज : पट्टा सैल अथवा झिजलेला आहे. तो इंजिन बंद करूनच तपासावा.

शिट्टी व त्यासोबत ताकद कमी : टर्बोची हवेची नळी फाटली अथवा निसटली असावी.

खालून जड ठक्‌ठक् : हा सर्वांत धोक्याचा आवाज होय. तो ओझ्याखाली वाढत असल्यास मेन बेअरिंग, व ॲक्सिलरेटर किंचित सोडताच स्पष्ट होत असल्यास कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले असावे. या आवाजाला अथवा ऑइलचा तांबडा दिवा लागताच इंजिन तत्काळ बंद करावे. नुसते ऑइल ओतून पुढे जाऊ नये. झिजलेले बेअरिंग त्याने भरून येत नाही. पुढे चालविल्यास क्रँक खरवडला जातो व रॉड तुटून इंजिनाची भिंत फोडतो. अशा वेळी माल दुसऱ्या वाहनात भरणे हेच स्वस्त पडते.

पुराच्या पाण्यात इंजिन अचानक बंद पडल्यास पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरात शिरलेले पाणी दाबले जात नाही व रॉड वाकतो.

एक महत्त्वाची सूचना

जुन्या इंजिनात मिस्त्री एकेका नोझलच्या नळीचा नट सैल करून दोषी सिलिंडर ओळखीत. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बी.एस.-६ मानकाच्या गाड्यांत बहुधा कॉमन रेल पद्धत असते. तीत डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. चालू इंजिनात तो नट सैल केल्यास सूक्ष्म धार कातडीत शिरते व प्रसंगी हात कापावा लागतो. अशा गाडीची ही परीक्षा यंत्राद्वारेच करून घ्यावी.

रोज निघण्यापूर्वी सपाट जागी, इंजिन बंद असता ऑइलची पातळी पाहावी, डिझेल फिल्टरमधील पाणी वेळोवेळी काढावे व डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नये. ग्रामसेवकांनी वरील पाच प्रश्न गावातील चालकांना समजावून द्यावेत. आपल्या गाडीचा नेहमीचा आवाज ज्याच्या कानात पक्का बसला आहे, त्यालाच निराळा आवाज वेळीच ऐकू येतो.