विमान दीड तासाचे, प्रवास दहा तासांचा
अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईसाठी

पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की जावई पुण्याहून किंवा हैदराबादहून तिकीट काढून पाठवतो. पूर्वी हा प्रवास रेल्वेनेच होई. आता आपल्या वस्तीतल्या लेकीही विमानाने जाऊ लागल्या आहेत. तिकीट हाती आले की घरात चर्चा सुरू होते, "विमानात चारचौघांत कशी पाजशील? आतापासूनच बाटलीची सवय लाव." आणि चांगले अंगावर पिणारे बाळ एका प्रवासापायी डब्याच्या दुधावर जाते.

भगिनींनो, ही चूक करू नका. प्रवासात बाटली उकळायला जागा नसते, उकळलेले पाणी हाताशी नसते. अस्वच्छ बाटलीतून बाळाला जुलाब लागतात. अंगावरचे दूध मात्र ताजे आणि हवे तेव्हा तयार असते. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि त्यानंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा पुढेही अंगावर पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रवास आहे म्हणून त्यात खंड पाडण्याचे कारण नाही.

आधी प्रवास मोजा

गोंदियाजवळ बिरसीला विमानतळ आहे. तेथून २०२२ मध्ये प्रवासी विमान सुरू झाले, मध्येच बंद पडले, पुन्हा सुरू झाले. त्यामुळे तिकीट काढण्याआधी फेरी चालू आहे का, ते पाहावे. नाहीतर नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ गाठावे लागते.

नागपूर-पुणे विमान दीड तासाच्या आसपास घेते. पण घरून स्टेशन, गोंदिया ते नागपूर सुमारे १३० किलोमीटर रेल्वे, विमानतळावर दोन तास आधी पोहोचणे आणि उतरल्यावर घर गाठणे, हे सारे धरले तर नऊ-दहा तास होतात. लहान बाळ दर दोन-तीन तासांनी पिते. म्हणजे वाटेत चार-पाच वेळा पाजावे लागेल आणि त्यातली एखादीच वेळ विमानात येईल. तयारी सगळ्या वाटेची करा. समोरून उघडणारे कपडे, मोठी ओढणी किंवा दुपटे, जास्तीचे लंगोट आणि आईसाठी पाणी व डबा हाताशी ठेवा. विमानातील हवा कोरडी असते, त्यामुळे आईने पाणी पीत राहावे.

दोन वर्षांखालील बाळ आईच्या मांडीवर बसते. तरीही त्याची नोंद तिकिटात करावी लागते आणि शुल्क लागते. वयाच्या पुराव्यासाठी जन्मदाखला सोबत ठेवा. मांडीवरच्या बाळासाठी वेगळा पट्टा असतो, तो कर्मचाऱ्यांकडून मागून घ्या. बाळ अगदी नवजात असेल, अपुऱ्या दिवसांचे असेल, त्याला हृदयाचा-फुफ्फुसाचा आजार असेल, ताप-सर्दी असेल किंवा कान वाहत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका.

कान का दुखतात?

विमान वर जाताना आतील हवेचा दाब कमी होतो, खाली येताना वाढतो. कानाच्या पडद्यामागची पोकळी एका बारीक नळीने घशाला जोडलेली असते. गिळताना ती नळी उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. मोठी माणसे आवंढा गिळतात, बाळाला ते सांगता येत नाही. पण दूध पिताना ते सारखे गिळत असते. म्हणून विमान धावू लागले की पाजायला घ्या, आणि उतरताना पुन्हा घ्या. उतरतानाचा त्रास जास्त असतो. जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी विमान खाली येऊ लागते. ती वेळ कर्मचाऱ्यांना विचारून ठेवा.

बाळ घरी आणि आई प्रवासात

कधी मुलाखत, परीक्षा किंवा प्रशिक्षणासाठी आईला एकटीला जावे लागते. तेव्हा दूध काढून ठेवता येते. पंप असेल तर उत्तम, नसेल तर हातानेही येते. हात साबणाने धुवा. अंगठा वर आणि बोटे खाली, बोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवा. आधी छातीकडे दाबा, मग अंगठा व बोटे एकमेकांकडे दाबून सोडा. बोटे कातडीवर घासू नका. झाकणाच्या, उकळून घेतलेल्या स्टीलच्या डब्यात दूध घ्या. आशाताई किंवा प्रसूती वॉर्डातील सिस्टर हे हाताला हात धरून शिकवतात. जाण्याच्या दहा-पंधरा दिवस आधीच शिकून घ्या.

किती वेळ टिकते?
• २५ अंशांच्या आसपासच्या खोलीत: ४ तास. आपल्याकडचा उन्हाळा ४४-४५ अंशांचा, तेव्हा हा हिशेब चालत नाही. दूध लगेच थंडाव्यात ठेवा.
• बर्फाची पाकिटे असलेल्या थंड पेटीत: २४ तास.
• फ्रिजमध्ये आतल्या बाजूला: ४ दिवस. फ्रिज नसेल तर शेजारणीला विचारा, त्यात कमीपणा नाही.

दुधावर साय धरली तर ते नासले असे नाही, हलवून घ्या. गॅसवर उकळू नका, डबा गरम पाण्यात ठेवून कोमट करा. बाटलीऐवजी स्वच्छ वाटी-चमच्याने पाजा. बाळाचे उष्टे दूध दोन तासांत संपवा, नाहीतर टाकून द्या.

"पिळून काढले की दूध आटते," असे जुनी माणसे म्हणतात. खरे याच्या उलट आहे. छाती रिकामी होत राहिली तरच दूध येत राहते. म्हणून प्रवासातही दर तीन तासांनी दूध काढा. नाही काढले तर गाठी होतात, छाती सुजते, ताप येतो. गाठ लाल होऊन ताप आल्यास दवाखाना गाठा.

काढलेले दूध आणि पंप हातातल्या बॅगेत ठेवा. तपासणीच्या वेळी आपणहून सांगा, "हे बाळाचे दूध आहे." प्रवासाला लागेल तेवढे दूध नेता येते. तपासणीच्या यंत्राने ते खराब होत नाही. बॅटरीवरच्या पंपाची सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक मोठ्या सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेतच ठेवा.

लाज कोणाची?

अनेक विमानतळांवर पाजण्यासाठी वेगळी खोली असते. न संकोचता विचारा. खोली नसेल तर बसल्या जागी ओढणी घेऊन पाजा. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना व न्या. प्रसन्ना वराळे यांच्या खंडपीठाने सांगितले की, सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजणे कलंक मानू नये. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देणे हे संविधानातील कलम ५१-क प्रमाणे नागरिकांचे कर्तव्य आहे, याचीही न्यायालयाने आठवण दिली. त्याच्या कितीतरी आधी, १९२८ साली, बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी तेथे मांडले होते.

लेकीला निरोप देताना सासू-आईने बाटलीऐवजी एक दुपटे आणि थोडा धीर बांधून द्यावा. जावयाने सामान आणि लंगोटाची पिशवी आपल्या खांद्यावर घ्यावी.

महिला मंडळात चर्चेसाठी
१. उतरताना बाळाला का पाजावे?
२. मे महिन्यात काढलेले दूध आपल्या घरात कोठे ठेवाल?
३. प्रवासासाठी अंगावरचे दूध तोडलेले बाळ आपल्या ओळखीत आहे का? त्या वेळी घरच्यांनी काय मदत करायला हवी होती?