शाळा सुरक्षित आहे, हे कोणी ठरवावे?
शिकागो येथील शिक्षक-संघटनेच्या कार्याचा अभ्यास

शाळा नियमितपणे चालविणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय. शाळेत येणाऱ्या मुलाच्या जीविताची काळजी वाहणे हेही त्याचेच कर्तव्य होय. सामान्य काळात या दोन कर्तव्यांत विरोध उत्पन्न होत नाही. साथीच्या काळात मात्र तो उत्पन्न होतो, आणि मग शाळा उघडावी किंवा कसे, हा निर्णय कोणी व कोणत्या आधारावर घ्यावा, असा प्रश्न उभा राहतो. सन २०२० ते २०२२ या काळात जगातील बहुतेक देशांना या प्रश्नास तोंड द्यावे लागले. अमेरिकेतील शिकागो शहरात तो प्रश्न पुढे निवडणुकीच्या मैदानापर्यंत गेला. यास्तव त्या शहराचे उदाहरण प्राथमिक शिक्षकांनी अभ्यासण्यासारखे आहे.

पूर्वपीठिका

शिकागो टीचर्स युनियन ही संघटना सन १९३७ मध्ये स्थापन झाली. साथीच्या वेळी तिचे सुमारे २५ हजार सभासद होते आणि शहराच्या सार्वजनिक शाळांत सुमारे ३ लक्ष ४० हजार विद्यार्थी शिकत होते. सन १९९५ च्या कायद्यान्वये या शाळांचे शिक्षण मंडळ लोकांनी निवडून दिलेले नसे. महापौर त्याची नेमणूक करीत. वर्गातील पटसंख्येसारख्या विषयांवर वाटाघाट करण्याचा संघटनेचा अधिकारही त्याच कायद्याने आकुंचित केला होता. सन २०१३ मध्ये मंडळाने एकाच वेळी सुमारे ५० शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. त्या शाळा मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील होत्या. मंडळाच्या शब्दावरील विश्वास तेव्हापासून उणावला. सन २०१९ मध्ये शिक्षकांनी संप केला व शाळेचे ११ दिवस बुडाले. प्रत्येक शाळेत परिचारिका व समाजसेवक असावा, ही त्या संपातील एक प्रमुख मागणी होती. पुढील वर्षीच साथ आली आणि या मागणीचे महत्त्व सर्वांस कळून आले.

साथ आणि करार

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ऑगस्टमध्ये संघटनेने संपाची तयारी चालविली असता नवे वर्ष दूरस्थ शिक्षणानेच सुरू करण्याचे महापौर लोरी लाइटफुट यांनी जाहीर केले. जानेवारी २०२१ मध्ये बालवर्ग आणि विशेष गरजा असणाऱ्या मुलांचे वर्ग प्रथम उघडले, व त्यानंतर आठवीपर्यंतच्या शिक्षकांस शाळेत हजर राहण्याचा आदेश झाला. घरूनच शिकवावे, असा कौल बहुसंख्य सभासदांनी दिला. न आलेल्या काही शिक्षकांची ऑनलाइन शिकविण्याची सोय मंडळाने बंद केली. दोन्ही पक्ष इरेस पेटले होते.

उभय पक्षांचे म्हणणे नीट समजून घेणे अवश्य आहे. मुखपट्टी, अंतर व वायुवीजन यांची काळजी घेतल्यास शाळेत संसर्ग फारसा पसरत नाही, असे महापौर व आरोग्याधिकारी यांचे म्हणणे होते. घरी राहिलेल्या मुलांचे, विशेषतः गरीब मुलांचे, नुकसान दिवसेंदिवस वाढत आहे, हेही ते सांगत. आणि ते खोटे नव्हते. संघटनेचे म्हणणे असे की, काळजी घेतली जाईल हे आश्वासन पुरेसे नाही, ती कशी घेतली जाईल हे लिहून मिळाले पाहिजे. गरीब वस्त्यांत साथीचे मृत्यू अधिक होते, आणि तेथील अनेक पालकच मुलांना शाळेत धाडण्यास राजी नव्हते. ज्यांच्या नावाने शाळा उघडावयाच्या, त्यांचाच भरवसा नव्हता, हे या वादातील मर्म होय.

अखेर १० फेब्रुवारी २०२१ रोजी सभासदांच्या मतदानाने करार मान्य झाला. बाजूने १३,६८१ व विरुद्ध ६,५८५ मते पडली. म्हणजे सुमारे एक तृतीयांश शिक्षकांचे समाधान झालेले नव्हते. कराराची कलमे पाहण्यासारखी आहेत. शिक्षक व इतर कर्मचारी यांस दर आठवड्यास किमान १,५०० लसी द्याव्यात; घरी जोखमीचा रुग्ण असणाऱ्यांस शक्य तेथे घरून काम करू द्यावे; प्रत्येक शाळेत सुरक्षा समिती असावी; आणि शहरातील संसर्गाचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेपलीकडे सतत वाढत गेल्यास वर्ग थांबवावेत. या शेवटच्या कलमाचे मोल मोठे आहे. त्यामुळे शाळा केव्हा थांबवावी याचा निर्णय कोणा एकाच्या मर्जीवर न राहता आधी ठरविलेल्या मोजमापावर आला. मार्चमध्ये प्राथमिक व एप्रिलमध्ये माध्यमिक वर्ग टप्प्याटप्प्याने उघडले.

दुसरा प्रसंग

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन या नव्या प्रकाराची लाट आली आणि पुन्हा तंटा झाला. मतदान करणाऱ्यांपैकी ७३ टक्के सभासदांनी घरून शिकविण्याचा कौल दिला. मंडळाने दूरस्थ वर्ग घेण्यास नकार दिला. मुलांचे ५ दिवस बुडाले. तोपर्यंत शिक्षकांस लस मिळून बरेच महिने लोटले होते. त्यामुळे या वेळी अनेक पालकांची सहानुभूती संघटनेस लाभली नाही. समझोताही सभासदांच्या अल्प बहुमतानेच मान्य झाला. एकच साधन दोन प्रसंगी सारखेच योग्य ठरते असे नाही, परिस्थिती बदलली की त्याचे न्याय्यत्व पुन्हा तपासावे लागते, हा बोध येथे मिळतो.

निवडणुकीचे क्षेत्र

वाटाघाटीचा अधिकारच अपुरा असेल तर प्रत्येक वाद संपापर्यंत जातो, हे ओळखून संघटनेने कायदा व मतपेटी यांकडे लक्ष वळविले. एप्रिल २०२१ मध्ये इलिनॉय राज्याने वाटाघाटीवरील जुने निर्बंध दूर केले. त्याच वर्षी जुलैमध्ये २१ सभासदांचे लोकनियुक्त शिक्षण मंडळ टप्प्याटप्प्याने अस्तित्वात आणणारा कायदा झाला. फेब्रुवारी २०२३ च्या पहिल्या फेरीत लाइटफुट पराभूत झाल्या. ४ एप्रिल २०२३ रोजी ब्रँडन जॉन्सन महापौर म्हणून निवडून आले. ते पूर्वी शिक्षक व नंतर याच संघटनेचे संघटक होते, आणि त्यांनी हरविलेले पॉल व्हॅलास हे शहराच्या शाळांचे माजी प्रमुख होते.

येथे संघटनेची कसोटी संपली नाही, उलट खरी कसोटी येथून सुरू झाली. ज्याच्याशी वाटाघाट करावयाची तो आता आपलाच माणूस होता, परंतु तिजोरी तीच होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये, शाळांच्या अंदाजपत्रकाचा वाद चालू असता, जॉन्सन यांनी नेमलेल्या मंडळाच्या सर्व सभासदांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. पुढील महिन्यात प्रथमच १० जागांसाठी निवडणूक झाली, तीत संघटनेने पाठिंबा दिलेले केवळ ४ उमेदवार विजयी झाले. मतदार कोणाचेही बांधील नसतात, हे यावरून दिसते.

आपल्याकडील स्थिती

भारतातील शिक्षकांची स्थिती याहून भिन्न आहे. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शिक्षकास सन १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि पक्षीय राजकारणात भाग घेण्यास त्यास मनाई आहे. विधानपरिषदेत शिक्षक मतदारसंघ आहेत. परंतु संविधानाच्या अनुच्छेद १७१ प्रमाणे तेथील मताधिकार माध्यमिक शाळा व त्यावरील संस्थांतील शिक्षकांसच आहे, प्राथमिक शिक्षकांस नाही. दुसऱ्या बाजूस, निवडणुकीचे काम मात्र प्राथमिक शिक्षकांस करावे लागते, आणि सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये त्यास मोकळीक ठेविली आहे.

या कामाची जोखीम एप्रिल २०२१ मध्ये उत्तर प्रदेशात प्रत्ययास आली. साथ भरात असता तेथे चार टप्प्यांत पंचायत निवडणुका झाल्या. या कामानंतर मृत्यू पावलेल्या १,६२१ शिक्षक व कर्मचाऱ्यांची यादी प्राथमिक शिक्षक संघाने १६ मे रोजी प्रसिद्धीस दिली. शिक्षण विभागाने नियमात बसणारे मृत्यू केवळ ३ असल्याचे सांगितले. कारण घरून कामास निघाल्यापासून परत येईपर्यंतचाच काळ नियमात धरला होता. रोगाची बाधा मतदानकेंद्रावर झाली तरी मृत्यू काही दिवसांनी घरी वा रुग्णालयात येतो, ही गोष्ट त्या नियमात नव्हती. संघाने पाठपुरावा सोडला नाही. पुढे नियम बदलून कामाच्या दिवसापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू ग्राह्य धरण्यात आला. गेलेली माणसे परत आली नाहीत, परंतु त्यांची गणना झाली व त्यांच्या कुटुंबांस साहाय्याचा मार्ग खुला झाला.

निष्कर्ष

या दोन्ही उदाहरणांत संघटनेचे बळ गर्दीपेक्षा नोंदीत दिसून येते. शिकागोत ते कराराच्या कलमांत आहे, उत्तर प्रदेशात ते नावांच्या यादीत आहे. सुरक्षिततेची मागणी मोजता येईल अशा शब्दांत मांडली, आणि तिच्या पाठीशी पालक उभे राहिले, तर ती स्वार्थाची मागणी ठरत नाही. पालकांस सोडून केलेली तीच मागणी दुबळी पडते. जेथे शिक्षकास पक्षीय प्रचार वर्ज्य आहे, तेथेही शाळा व्यवस्थापन समिती, ग्रामसभा आणि लेखी निवेदन हे मार्ग मोकळे आहेत.

गटसंमेलनातील चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत साथीच्या प्रसंगी वर्ग थांबविण्याचे व पुन्हा उघडण्याचे कोणते मोजमाप आधी ठरविता येईल?
२. शिकागोतील सन २०२१ व सन २०२२ च्या प्रसंगांत पालकांची भूमिका का बदलली असावी?
३. निवडणूक-कामावर जाणाऱ्या शिक्षकांची कोणती नोंद शाळेत ठेवणे इष्ट आहे?