पहिल्या क्रमांकाचे ओझे

महाविद्यालयीन संघाच्या पराभवाचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी लिहीत नाही. वार्षिक अंकाच्या जिमखाना अहवालात 'आमचा संघ उपांत्य फेरीत पराभूत झाला' एवढे एक वाक्य छापले, की मोसम संपला. तो संघ का हरला, आणि मुळात तो जिंकेल अशी अपेक्षा कोणी व कशाच्या आधारावर केली होती, हे प्रश्न कॅन्टीनमध्ये चार दिवस चघळले जातात आणि परीक्षेचे फॉर्म भरण्याच्या गडबडीत विरून जातात. अमेरिकेत मात्र काही विद्यापीठांच्या बास्केटबॉल संघाचा एखादा फसलेला मोसम वर्षानुवर्षे उकरून काढला जातो. म्हातारी माणसेसुद्धा त्यात हिरिरीने भाग घेतात. मानसशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला त्या खेळापेक्षाही या उकरण्याचे कुतूहल अधिक आहे. चाहता गेलेला मोसम आठवतो, तेव्हा तो नेमके काय करतो? घडले ते आठवतो, की जे घडायला हवे होते त्याचा हिशेब मागतो?

या प्रश्नासाठी मी एकच उदाहरण घेतले आहे: चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघाचा २०२२-२३ चा मोसम.

प्रथम त्या संस्थेविषयी थोडेसे. मायकेल जॉर्डन याच विद्यापीठाचा विद्यार्थी. १९८२ च्या अंतिम सामन्यात जॉर्जटाउनविरुद्ध त्याने शेवटच्या क्षणांत केलेल्या बास्केटमुळे त्याचा संघ ६३-६२ असा जिंकला, तेव्हा तो प्रथम वर्षात शिकत होता. १९५७ पासून २०१७ पर्यंत या संघाने सहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. १९८६ साली उघडलेल्या त्यांच्या क्रीडागृहात एकवीस हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. आठ-दहा मैलांवर ड्यूक विद्यापीठ आहे, आणि या दोघांचे वैर म्हणजे शेजारधर्माचा अगदी उलटा धडा.

स्पर्धेची पद्धतही समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. सर्वोच्च श्रेणीत साडेतीनशेहून अधिक विद्यापीठे खेळतात. हिवाळाभर साखळी सामने होतात. मार्चमध्ये ६८ संघांची निवड होऊन त्यांची बाद पद्धतीने स्पर्धा भरते; एक सामना हरला की घरी. या संघांची चार विभागांत वाटणी करून प्रत्येक विभागात एक ते सोळा असे मानांकन देतात. मोसम सुरू होण्यापूर्वी, एकही चेंडू उडालेला नसताना, क्रीडापत्रकार मते देऊन देशातल्या पहिल्या पंचवीस संघांची क्रमवारी लावतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये या क्रमवारीत नॉर्थ कॅरोलायना पहिला होता. मार्च २०२३ मध्ये हाच संघ ६८ मध्येही नव्हता. १९८५ साली स्पर्धा ६४ संघांची झाली, तेव्हापासून मोसमापूर्वी पहिला ठरलेला संघ स्पर्धेबाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ.

आता हा पहिला क्रमांक आला कोठून? माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली येथे आहे, आणि चाहत्यांच्या चर्चेत नेमकी तीच बाजूला पडते. आदल्या मोसमात, १६ फेब्रुवारी २०२२ रोजी, हा संघ आपल्याच क्रीडागृहात पिट्सबर्गकडून हरला. पिट्सबर्ग त्या वर्षी अगदी सामान्य संघ होता. नॉर्थ कॅरोलायनाला स्पर्धेत तरी घेतील की नाही, अशी तेव्हा शंका होती. मग ५ मार्चला ड्यूकचे विख्यात प्रशिक्षक माइक शशेफ्स्की यांच्या घरच्या मैदानावरील अखेरच्या सामन्यात या संघाने ड्यूकला ९४-८१ असे हरवले. निवड झाली, विभागात आठवे मानांकन मिळाले. चार विभागांतले आठवे, म्हणजे देशात अदमासे तिसाव्या क्रमांकाच्या आसपास. पंचांग पाहून नव्हे, चार महिन्यांचे सामने पाहून ठरवलेली ही किंमत होती.

त्यानंतरचे तीन आठवडे मात्र कोणालाही वेड लावावे असे गेले. मार्केटला ३२ गुणांनी धूळ चारली. आदल्या वर्षीच्या विजेत्या बेलरविरुद्ध २५ गुणांची आघाडी घेतली, ती सर्व गमावली, आणि जादा वेळेत सामना ९३-८६ असा जिंकला. यूसीएलए आणि सेंट पीटर्स यांना मागे टाकले. २ एप्रिलला न्यू ऑर्लिन्स येथे उपांत्य सामन्यात पुन्हा ड्यूक! तोही ८१-७७ असा जिंकला आणि शशेफ्स्की यांची कारकीर्द तेथेच संपली. अंतिम सामन्यात कॅन्ससविरुद्ध मध्यंतराला ४०-२५ अशी आघाडी होती. (१९८२ आणि १९९३ ची अजिंक्यपदे याच वास्तूत मिळालेली, त्यामुळे श्रद्धाळू मंडळींनी निकाल मनातल्या मनात लावून टाकला असल्यास नवल नाही.) उत्तरार्धात कॅन्ससने मुसंडी मारली आणि सामना ७२-६९ असा घेतला.

या यशाचे शिल्पकार पाच जण: केलेब लव्ह, आर. जे. डेव्हिस, लीकी ब्लॅक, ब्रेडी मॅनेक आणि अरमांडो बेकॉट. राखीव खेळाडूंचा वापर इतका थोडा होई की या पाचांना 'पोलादी पाच' असे नाव पडले. त्यांतला मॅनेक शिक्षण संपवून गेला. उरलेले चौघे परतले. पत्रकारांनी हिशेब केला: अंतिम सामना तीन गुणांनी हरलेला संघ, पाचांपैकी चार जण कायम, म्हणजे पहिला क्रमांक ओघानेच आला. येथे सहा सामन्यांनी तेहेतीस सामन्यांवर मात केली. सांख्यिकीच्या तासाला आपण नमुन्याचा आकार शिकतो आणि उत्तरपत्रिकेत तो व्यवस्थित लिहितोही. पण डोळ्यांदेखत वीज चमकली की चार महिन्यांचे ढगाळ आभाळ कोणाला आठवत नाही.

मोसम सुरू झाला. पहिले पाच सामने जिंकले, पण पोर्टलँडसारख्या दुबळ्या संघालाही जेमतेम आठ गुणांनी. मग आयोवा स्टेटकडून पराभव. दोन दिवसांनी अलाबामाकडून चार वेळा जादा वेळ खेळून १०३-१०१ असा पराभव. पाठोपाठ इंडियाना आणि व्हर्जिनिया टेक. सलग चार. ५ डिसेंबरच्या क्रमवारीत पंधरवड्यापूर्वीचा पहिला संघ पंचविसांतून नाहीसा झाला होता. जानेवारीत व्हर्जिनियाविरुद्ध बेकॉटचा घोटा सुरुवातीलाच दुखावला आणि तो सामनाही गेला. ड्यूकने दोन्ही वेळा हरवले. शेवटी २० विजय, १३ पराभव. पहिल्या प्रतीच्या संघांविरुद्ध दहा सामन्यांत विजय एकच.

चाहते मागे वळून पाहतात तेव्हा पहिले बोट मॅनेककडे जाते, म्हणजे त्याच्या नसण्याकडे. यात तथ्य आहे. मॅनेक उंच होता आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून शंभरात चाळीस फेका जाळ्यात टाकत असे. त्यामुळे विरुद्ध बाजूच्या एका उंच खेळाडूला बास्केटपासून दूर यावे लागे आणि आत बेकॉटला मोकळी जागा मिळे. त्याच्या जागी नॉर्थवेस्टर्नहून आलेला पीट नान्स गुणी होता, पण त्या पल्ल्याचा नव्हता. एकूण संघाचे लांबच्या फेकांचे प्रमाण शंभरात ३६ वरून ३१ वर आले. पाचाचा फरक तो काय, असे वाटेल. हिशेब करून पाहू. एका सामन्यात अशा वीस-पंचवीस फेका होतात. त्यांतली एखादी कमी पडली तरी तीन-चार गुण जातात. आणि या मोसमातले पराभव पाहा: पिट्सबर्गकडून दोन गुणांनी, पुन्हा पिट्सबर्गकडून एका गुणाने, अलाबामाकडून दोन, आयोवा स्टेट आणि ड्यूककडून पाच-पाच. म्हणजे संघ कोसळला नव्हता. तो थोडासा घसरला होता, आणि नेमका उंबरठ्यावर घसरला होता.

दुसरे बोट प्रशिक्षक ह्युबर्ट डेव्हिस यांच्याकडे. त्यांचे ते दुसरेच वर्ष. राखीव खेळाडूंना पुरेशी संधी दिली नाही, हा मुख्य आक्षेप. गंमत अशी की आदल्या एप्रिलमध्ये याच गोष्टीचे 'पोलादी' म्हणून कौतुक झाले होते.

पण सर्वाधिक बोटे वळली ती केलेब लव्हकडे, आणि येथे मला थोडे थांबायचे आहे. ड्यूकविरुद्धच्या उपांत्य सामन्यात शेवटच्या अर्ध्या मिनिटात लव्हने उंच प्रतिस्पर्ध्याच्या हातांवरून एक फेक केली, तीन गुण मिळवले आणि सामना फिरवला. त्या सामन्यात त्याचे २८ गुण होते. दोन रात्रींनंतर अंतिम सामन्यात त्याने २४ फेका केल्या, त्यांतल्या पाच पडल्या. म्हणजे एकाच आठवड्यात दोन्ही लव्ह लोकांना दिसले होते. पुढच्या मोसमात लांबून त्याच्या शंभरात तीसही फेका पडेनात, तरी तो फेकत राहिला. फेकीची जात तीच, धाडस तेच, मनगटही तेच. ती पडली तेव्हा तिला हिंमत म्हटले, आणि चुकली तेव्हा हेकेखोरपणा. चाहत्याच्या मनातला सारा अन्याय या दोन शब्दांमधल्या अंतरात मावतो, असे मला वाटते.

लव्ह निर्दोष होता, असे माझे म्हणणे नाही. पुष्कळदा तो घाईने फेकत असे. चेंडू डेव्हिसच्या हाती अधिक राहिला असता तर बरे झाले असते, हे मलाही पटते. दोघांनाही खेळ आपल्या हाती हवा असे आणि चेंडू एकच होता. पण तो एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता, ही गोष्ट चर्चेत कोठेच येत नाही. जुलै २०२१ पासून अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर व छबीवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. त्याबरोबर चाहत्यांच्या बोलण्यातला उरलासुरला संकोचही गेला असावा, असा माझा अंदाज आहे. पैसे घेतो तर ऐकूनही घ्यावे! आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाने आंतरमहाविद्यालयीन सामन्यात चेंडू दवडला तर आपणही त्याला दोन शब्द सुनावतो. मात्र दुसऱ्या दिवशी तो बाकावर शेजारी बसतो, आणि शेजारी बसलेल्या माणसाला फार वेळ खलनायक ठरवता येत नाही. एकवीस हजारांच्या गर्दीला असा शेजार नसतो.

याच संघाने २००१-०२ मध्ये २८ सामन्यांतले २० गमावले होते आणि सलग २७ वर्षांची स्पर्धेतील हजेरी मोडली होती. आकड्यांनी तो मोसम कितीतरी वाईट. पण आपत्तीत सगळेच बुडते, एकाला वेगळे काढता येत नाही. निराशेचे तसे नाही. तेरा पराभवांपैकी तीन-चार सामने इकडचे तिकडे झाले असते तर, असा तिचा सूर असतो, आणि त्या 'तर'ला लगेच एक नाव हवे असते. तिसाव्या क्रमांकाचा संघ पन्नासाव्याच्या आसपास गेला असता तर कोणाच्या स्मरणातही राहिला नसता. तो पहिल्या क्रमांकावरून गेला, आणि त्या पहिल्या क्रमांकावर त्याला खेळाडूंनी बसवले नव्हते.

स्पर्धेबाहेर राहिलेल्यांसाठी एनआयटी नावाची दुसरी स्पर्धा असते. ती १९३८ पासून चालत आलेली, म्हणजे मुख्य स्पर्धेहून एका वर्षाने थोरली. २०१० साली याच संघाने तीत भाग घेऊन अंतिम सामना गाठला होता. २०२३ मध्ये मात्र विद्यापीठाने खेळण्यास नकार दिला. तो मला पटत नाही. लीकी ब्लॅकचे महाविद्यालयीन खेळातले ते शेवटचे वर्ष होते. त्याला आणखी दोन-चार सामने मिळाले असते. बेकॉटने त्याच जानेवारीत विद्यापीठाचा रिबाउंडचा विक्रम मोडला होता, पण त्या मोसमाच्या आठवणीत हा विक्रम कोणाच्या पटकन तोंडी येत नाही.

लव्ह विद्यापीठ सोडून ॲरिझोनाला गेला. पुढच्या मोसमात, २०२३-२४ मध्ये, डेव्हिसच्या नेतृत्वाखाली नॉर्थ कॅरोलायनाने २९ सामने जिंकले, आठ गमावले, आणि डेव्हिस आपल्या परिषदेतला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. खड्यासारखा एक गेला आणि भात निवडून निघाला, असे म्हणणाऱ्यांना हे आयतेच प्रमाण. परंतु त्याच वर्षी आपल्या नव्या परिषदेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून केलेब लव्हचीच निवड झाली होती.

स्पर्धेच्या सोडतीने दोघांना एकाच विभागात टाकले. २८ मार्च २०२४ रोजी लॉस एंजेलिसच्या एकाच क्रीडागृहात, एकाच संध्याकाळी, आधी ॲरिझोना क्लेमसनशी खेळला आणि मग नॉर्थ कॅरोलायना अलाबामाशी. दोघेही जिंकले असते तर पुढच्या फेरीत समोरासमोर आले असते. ॲरिझोना ७७-७२ असा हरला. नॉर्थ कॅरोलायना ८९-८७ असा हरला. त्या संध्याकाळी लव्हने तीन गुणांच्या रेषेबाहेरून नऊ फेका केल्या, डेव्हिसनेही नऊच केल्या, आणि त्या अठरांतली एकही जाळ्यात पडली नाही.