लीट्रिम परगणा : भूमी व लोकसंख्या

आयर्लंडच्या वायव्य भागात लीट्रिम नावाचा एक परगणा (कौंटी) आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,५९० चौरस किलोमीटर असून २०२२ च्या जनगणनेत तेथे ३५,१९९ लोक आढळले. त्या बेटावरील बत्तीस परगण्यांत इतकी अल्प वस्ती दुसऱ्या कोठेही नाही. आपल्याकडील पुष्कळशा तालुक्यांच्या गावी याहून अधिक माणसे राहतात. परंतु १८४१ साली ह्याच भूमीवर १,५५,२९७ लोक राहत होते. दर चौरस किलोमीटरला तेव्हा ९८ माणसे होती; २०२२ मध्ये २२ होती. एवढी माणसे का गेली, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम तेथील मातीकडे वळले पाहिजे.

परगण्याचा आकार लांबट व चिंचोळा आहे. मध्यभागी अ‍ॅलन नावाचे मोठे सरोवर असून त्याने परगण्याचे जवळजवळ दोन तुकडे केले आहेत. उत्तरेकडे डोंगर, पठारे व खोल दऱ्या आहेत, तर दक्षिणेकडे सखल प्रदेश व असंख्य लहान तळी. आयर्लंडची सर्वांत लांब नदी शॅनन ह्या सरोवरातून दक्षिणेस वाहत जाते. अटलांटिक महासागराचा किनारा परगण्याला लाभला आहे खरा, पण तो पाच किलोमीटरांहूनही कमी आहे.

दक्षिण भागात दृष्टी जाईल तिकडे उपड्या ठेवलेल्या वाटीसारख्या लहान लहान लांबट टेकड्या दिसतात. शेवटच्या हिमयुगात हिमस्तरांनी पुढे सरकताना खालचा खडक भरडला आणि तो चिकणमाती व दगडगोट्यांसह जागोजाग ढिगांच्या रूपाने टाकला. अशा टेकडीला भूगोलशास्त्रात ‘ड्रमलिन’ म्हणतात. हा शब्द आयरिश भाषेतील कटक, म्हणजे लांबट उंचवटा, ह्या अर्थाच्या ‘ड्रिम’ शब्दावरून आला आहे. ड्रमशॅन्बो, ड्रमकिरन, ड्रमाहेअर ह्या गावांच्या नावांत तोच शब्द आहे. ‘लीट्रिम’ ह्या नावाचा अर्थही ‘करडा कटक’ असाच होतो.

ह्या टेकड्यांची माती शेतकऱ्याला मात्र अनुकूल नाही. शेल खडकाच्या चुऱ्यापासून बनलेली ही चिकण घट्ट असते व तिच्यातून पाणी सहजासहजी खाली झिरपत नाही. त्यातच पाऊस वर्षभर पडत राहतो. मोसमी पावसाच्या देशात चार महिने धुवाधार वृष्टी होते व पुढे जमीन वाळते. तेथे सरी हलक्या असतात, पण जमिनीला वाळण्यास अवधीच मिळत नाही. लीट्रिमची जमीन एकरावर नव्हे, गॅलनच्या मापाने विकतात, अशी थट्टा आयर्लंडमध्ये केली जाते. नांगरटीस अशी जमीन फारशी उपयोगी नाही. गवत उत्तम येते, पण गुरांच्या पायांखाली ओल्या कुरणाचा चिखल होतो.

मग अशा जमिनीवर दीड लाख माणसे जगत कशी होती? ती जगत होती बटाट्यावर. वाफे उंच बांधून व बाजूला चर खणून ओल्या जमिनीतही बटाटा घेता येई आणि लहानशा तुकड्यावर सबंध कुटुंबाचे पोट भरे. त्यामुळे बापाच्या जमिनीचे मुलांत तुकडे पडत गेले. १८४५ साली बटाट्यावर करपा रोग आला व पुढील वर्षांत पिके पुनःपुन्हा बुडाली. उपासमार, तापाच्या साथी आणि देशांतर यांमुळे १८५१ पर्यंत लोकसंख्या १,११,८९७ वर आली. दहा वर्षांत शेकडा २८ माणसे कमी झाली.

येथपर्यंतची हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. विचार करण्याजोगी गोष्ट पुढची आहे. दुष्काळ संपला, तरी घट थांबली नाही. १९०१ साली ६९,३४३, १९५१ साली ४१,२०९, १९९६ साली २५,०५७ : दीडशे वर्षे प्रत्येक जनगणनेत आकडा उतरतच गेला. जमिनीचे तुकडे पाडण्याची प्रथा दुष्काळानंतर मागे पडली. एका मुलाला शेत मिळे व इतरांनी इंग्लंड किंवा अमेरिकेची वाट धरावी, असा क्रम पडला. वारस मुलाचेही लग्न वडिलांच्या हातून शेत सुटेपर्यंत लांबे. तरुण मुली निघून गेल्यामुळे कित्येक जण अविवाहितच राहिले. १९५१ ते १९६१ ह्या दशकात दुष्काळ नव्हता, युद्ध नव्हते; तरीही परगण्यातील जवळजवळ पंचमांश माणसे कमी झाली. ओळखीच्या घरांचे दिवे एकेक करून मालवत जाणे म्हणजे काय, ते कोकणातील वाचकाला निराळे सांगावयास नको. त्याच सुमारास, १९५७ व १९५९ मध्ये, परगण्यातून जाणारे दोन लोहमार्गही बंद पडले.

आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची एकूण लोकसंख्या १९६१ नंतर वाढू लागली. लीट्रिमला त्यासाठी आणखी पस्तीस वर्षे थांबावे लागले. १९९८ पासून सरकारने ह्या भागात घरे बांधणाऱ्यांना करसवलती दिल्या. घरे पुष्कळ बांधली गेली, माणसे मात्र त्या मानाने आली नाहीत. २०११ च्या जनगणनेत, सुटीतील घरे धरून, शेकडा ३० घरे रिकामी आढळली. केवळ नवी घरे मोजून एखादा प्रदेश सावरला असे म्हणता येत नाही, ते ह्यामुळेच. तथापि २०१६ ते २०२२ ह्या काळात लोकसंख्या शेकडा दहाच्या आसपास वाढली, ही वाढ लहान म्हणता येणार नाही.

नांगराला नकोशी असलेली ओली माती सिट्का स्प्रूस ह्या उत्तर अमेरिकेतील सूचिपर्णी वृक्षाला मानवते. आज परगण्याचा सुमारे पाचवा हिस्सा वनाखाली असून त्यात ह्याच वृक्षाची लागवड मोठी आहे. लाकडाला बाजार आहे, परंतु दाट लावलेल्या झाडांनी शेजारची घरे अंधारतात आणि एकदा वन लागले की त्या शेतावर कुटुंब परत येत नाही, अशी तेथील रहिवाशांची तक्रार आहे. त्यांपैकी काही वनांत, खोडांच्या रांगांमध्ये, जुन्या घरांच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत.