समोरच्याला माझा पट दिसतो का?

प्रश्न : मी लिचेसवर बुद्धिबळ खेळतो. परवा पट संगमरवरी करून घेतला, सोंगट्या बदलल्या आणि चालीला पियानोचा आवाज लावला. समोर ब्राझीलचा कोणी खेळाडू होता. त्यालाही माझाच पट दिसत होता का? नसेल, तर साइटवाले एवढे पट, एवढ्या सोंगट्या आणि एवढे आवाज ठेवतात कशाला? त्याने खेळात काही फरक पडतो, की नुसती हौस?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, त्याला तुमचा पट दिसत नव्हता. तुमचा संगमरवर तुमच्याच घरात राहतो. तुम्ही राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले की तुमच्याकडून सर्व्हरकडे जाते ती ‘ई२ई४’ एवढीच चाल, म्हणजे कुठल्या घरातून उचलले आणि कुठे ठेवले. चाल नियमात बसते का, हे सर्व्हर तपासतो, घड्याळाचा हिशेब करतो आणि निरोप पुढे धाडतो. ब्राझीलमधला ब्राउझर ती चाल त्या खेळाडूने निवडलेल्या पटावर, त्याच्या पसंतीच्या सोंगट्यांनी रंगवतो. तुम्ही पियानो ऐकत होतात तेव्हा त्याच्याकडे लाकडाचा ‘टक्’ वाजला असेल, नाहीतर त्याने आवाज बंदच ठेवला असेल.

ही रीत काही इंटरनेटने आणलेली नाही. पोस्टकार्डावरून बुद्धिबळ खेळणारे हेच करत. कार्डावर चाल लिहायची, पेटीत टाकायची आणि घरी आपापला पट मांडून ठेवायचा. एकाचा पट शिसवी, दुसऱ्याचा पुठ्ठ्याचा, डाव मात्र एकच. जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवले, तेव्हाही असेच घडले. अशा स्पर्धांत सोंगटी कुठल्या घरात ठेवली ते ओळखणारे इलेक्ट्रॉनिक पट वापरतात. सभागृहातून बाहेर पडते ती चाल आणि घड्याळाची वेळ. मग एकच डाव कोणी हिरव्या पटावर पाहतो, कोणी तपकिरी.

मग एवढे पर्याय कशाला? त्याचे कारण असे की बुद्धिबळाचे रूप कधीच एक नव्हते. पटाचे दोन रंगसुद्धा मागाहूनची सोय आहे. आपल्याकडचा जुना अष्टापद पट आठ गुणिले आठ घरांचा, पण एकरंगी. काही घरांवर खुणा असत, तेवढेच. दोन रंगांचा पट युरोपात रुळला. स्वित्झर्लंडमधल्या आइनसीडेल्नच्या मठात हजारेक वर्षांपूर्वीचे एक लॅटिन पद्य सापडले आहे. दोन रंगांच्या पटावर चुकीची चाल चटकन लक्षात येते, म्हणून काहींना तो आवडतो, असे त्यात सांगितले आहे. उंट आयुष्यभर एकाच रंगाच्या घरांतून फिरतो, हे आज शेंबडे पोरही सांगते. एकरंगी पटावर तेच बोटाने घरे मोजून पाहावे लागे.

सोंगट्यांचेही तसेच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये निरनिराळ्या घडणीचे संच वापरात होते. अनोळखी संचापुढे बसले की वजीर कोणता आणि उंट कोणता, इथपासून सुरुवात. १८४९ साली नॅथॅनिएल कुक यांच्या नावाने एक सुटसुटीत घडण नोंदवली गेली, लंडनच्या जॅक्स कंपनीने ती बाजारात आणली आणि त्या काळचे नामवंत खेळाडू हॉवर्ड स्टाँटन यांचे नाव तिला मिळाले. स्पर्धांत आजही स्टाँटन घडणीच्याच सोंगट्या लागतात. पडद्यावरची चित्रे म्हणजे बहुतेक याच सोंगट्यांची सपाट रूपे. लिचेसवर आपोआप समोर येणारा ‘सीबर्नेट’ संच कॉलिन बर्नेट यांनी काढला आहे. विकिपीडियावर बुद्धिबळाच्या आकृत्या पाहिल्या असतील तर तो तुमच्या ओळखीचा असेल.

आता फरक पडतो का, ते पाहू. शोभेपुरत्या गोष्टींनी पडत नाही. डोळ्यांना आणि कानांना खबर देणाऱ्या गोष्टींनी पडतो. सेटिंग उघडले की या दोन जाती आधी वेगळ्या कराव्यात. संगमरवर, चामडे, लाकूड ही शोभा. शेवटच्या चालीची घरे रंगवणे, उचललेली सोंगटी कुठे जाऊ शकते ते ठिपक्यांनी दाखवणे, घरांची अक्षरे आणि आकडे, सोंगटी सरकण्याचा वेग, ही खबर.

सोंगट्या निवडताना एकच कसोटी लावा. फोन हातभर लांब धरा आणि उंट व प्यादे पाहा. लहान पडद्यावर घोटाळा होतो तो या दोघांचा, कारण दोघांचीही डोकी गोल. सीबर्नेटच्या उंटावर फुलीची खूण आहे, ती इथे उपयोगी पडते. पट निवडताना काळे प्यादे गडद घरात आणि पांढरे प्यादे फिकट घरात ठेवून पाहा. तिथे सोंगटी बुडत असेल तर पट कितीही देखणा असो, सोडून द्या. लाल-हिरवा भेद ज्यांना नीट कळत नाही त्यांनी खुणांचे रंगही तपासावेत. शह बसला की राजाखाली लाल झाक येते. ती तपकिरी पटावर त्यांच्या नजरेतून निसटू शकते, निळ्या पटावर करून पाहावी.

एकदा निवडले की मात्र मुक्काम हलवू नये. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तर तरबेज खेळाडू ती नवशिक्यापेक्षा कितीतरी अचूक मांडत. सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या की त्यांची ही आघाडी जवळजवळ संपे. याचा अर्थ मुरलेली नजर सोंगट्या एकेक करून पाहत नाही, ओळखीचे गट पाहते. ती ओळख दर आठवड्याला नव्या चित्रांनी विस्कटावी, असे मला वाटत नाही. नवा संच चार-सहा डावांत अंगवळणी पडतो हे खरे, पण ते डाव मानांकनाचे नसावेत.

घरातला मुलगा स्पर्धांना जाणार असेल तर त्याच्याकडून ठिपके बंद करून घ्या. सभागृहातल्या पटावर घोडा उचलला म्हणून कुठली घरे उजळत नाहीत. प्यादे शेवटच्या घरात पोचले की आपोआप वजीर होण्याची सोयही काढून टाका, कारण तिथे वजीर स्वतःच्या हाताने ठेवावा लागतो. आणि आठवड्यातून काही डाव खऱ्या सोंगट्यांवर खेळवा. पडद्यावर पट वरून दिसतो आणि टेबलावर तिरका, त्यामुळे लांबचा उंट वजिराआड दडतो.

आवाजाला लोक फार हलक्यात घेतात. चाल खेळलीत आणि ‘टक्’ वाजले, म्हणजे ती बसली. तुम्ही दुसरीकडे पाहत असाल तर समोरच्याची चाल झाल्याचे कान सांगतात. चेस डॉट कॉमवर साधी चाल, मार, कॅसलिंग आणि शह यांचे आवाज वेगवेगळे आहेत. काही संचांत शह आणि साधी चाल सारखीच वाजते, म्हणून निवडण्याआधी दोन्ही ऐकून घ्या. वेळ संपत आल्याचा इशारा मात्र कधी बंद करू नका. पाच मिनिटांच्या डावात नजर पटावर असते, घड्याळावर नसते.

लिचेसवर एक ‘स्पीच’ नावाचा आवाजही आहे, तो चाल बोलून दाखवतो. त्याच्या जोडीला ब्लाइंडफोल्ड पर्याय चालू केला की सोंगट्या अदृश्य होतात आणि उरतो रिकामा पट. १९९२ ते २०११ या काळात झालेल्या अम्बर स्पर्धेतल्या ब्लाइंडफोल्ड डावांत आनंद, क्रामनिक यांच्यासारखे खेळाडू नेमके असेच खेळत. समोर संगणक, पडद्यावर रिकामा पट. एवढे नको असेल तर ‘डिसगाइज्ड’ संच लावून पाहा. त्यात सगळ्या सोंगट्या एकसारख्या चकत्या दिसतात आणि कोण घोडा, कोण हत्ती हे तुम्हीच ध्यानात ठेवायचे.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी हाच आवाज म्हणजे सगळा खेळ. त्यांच्या लाकडी पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक आणि सोंगटीला खुंटी असते, म्हणजे चाचपताना ती पडत नाही. काळ्या सोंगट्या बोटांना कळाव्यात म्हणून त्यांवर वेगळी खूण असते. चाल मोठ्याने उच्चारायची, आणि अक्षरे ऐकण्यात चुकू नयेत म्हणून उभ्या ओळींना नावे दिली आहेत : आना, बेला, सेझार, डेव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. लिचेसच्या पानाच्या अगदी वरच्या टोकाला एक दुवा दडवून ठेवलेला आहे, तो पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाच आधी सापडतो. तो दाबला की पटाऐवजी मजकूर येतो आणि चाल टाइप करून खेळता येते. अशा अंध खेळाडूसमोर तुम्ही खेळलात तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही. तुमच्या संगमरवरावर त्याचा घोडा नेहमीसारखाच उडी मारतो.

थोडक्यात

प्रश्न : आवाज चालू ठेवला आहे, तरी पान उघडल्यावर पहिल्या चालीला काहीच ऐकू येत नाही. साइट बिघडली आहे का?
उत्तर : नाही. तुम्ही पानावर एकदा तरी क्लिक करेपर्यंत ब्राउझर आवाज अडवून धरतात. आपोआप वाजणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी ही सोय झाली, तिचा फटका बुद्धिबळालाही बसतो. कुठेही एकदा क्लिक करा.

प्रश्न : समोरच्याचे मानांकन दिसले की हातपाय गळतात. उपाय?
उत्तर : लिचेसवर डाव चालू असताना कीबोर्डवरचे ‘झेड’ दाबा. झेन मोड सुरू होतो. नावे आणि मानांकने जातात, पट आणि घड्याळ राहते. डाव संपला की मानांकन पाहा. जिंकला असाल तर बघायला जास्त मजा येईल.