नीतिमान् ठरणें

गेल्या वर्षीं बायबलच्या तासाला एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, मनुष्य कर्मांनीं नव्हे, तर विश्वासानें नीतिमान् ठरतो असें पौल म्हणतो, मग चांगलें वागण्याचें प्रयोजन काय?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. तो पौलालाही कोणी तरी विचारला असावा, कारण रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायाचा आरंभ त्याच शंकेनें होतो. त्या दिवशीं मीं दिलेलें उत्तर माझें मलाच अपुरें वाटलें, म्हणून हा लेख.

मार्टिन लूथर हा जर्मनींतील एका खाणवाल्याचा मुलगा. त्यानें कायद्याचा अभ्यास करावा अशी बापाची इच्छा होती. परंतु १५०५ च्या जुलै महिन्यांत वादळांत सांपडून जवळच वीज कोसळली, तेव्हां त्यानें भयानें मठवासी होण्याचा नवस केला आणि त्याच महिन्यांत एर्फुर्ट येथील मठांत प्रवेश केला. तेथें उपास, जागरणें, प्रार्थना यांत त्यानें कांहींच कमी केलें नाहीं. पापें कबूल करावयास बसला म्हणजे तासन् तास उठत नसे. इतकें करूनही आपला हिशेब चुकता झाला अशी त्याची खात्री होईना. कारण देव न्यायी आहे, आणि न्यायी देव पुरतें मापून घेणार! 'देवाचें नीतिमत्त्व' या शब्दांचा आपल्याला तिटकारा येत असे, असें त्यानेंच पुढें १५४५ मध्यें, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षीं, लिहून ठेविलें आहे.

विटेनबर्गच्या विद्यापीठांत १५१५-१६ मध्यें तो रोमकरांस पत्र शिकवीत असे. त्याच्या पहिल्या अध्यायांतील सतराव्या वचनाशीं तो दीर्घकाळ झगडला, आणि अखेर त्याच्या ध्यानांत आलें कीं, पौल ज्या नीतिमत्त्वाविषयीं बोलतो तें देव मागतो तें नव्हे; देव देतो तें.

येथें एका शब्दाकडे लक्ष देणें अवश्य आहे. लॅटिन बायबलांतील शब्दाची घडण 'नीतिमान् करणें' अशी आहे. त्यामुळें मनुष्यानें हळूहळू नीतिमान् होत जावें, असा अर्थ पश्चिमेकडे रूढ झाला होता. पौलाचा ग्रीक शब्द मात्र न्यायसभेंतला आहे. न्यायाधीश निकाल देतो, आणि आरोपी निर्दोषी ठरतो. आपल्या मराठी भाषांतरकारांनीं 'ठरणें' हें क्रियापद योजिलें. येथें आपली भाषा लॅटिनहून सरस आहे, असें मला वाटतें. 'सुधारला' निराळें आणि 'ठरला' निराळें. निकाल आधीं लागतो, सुधारणा त्याच्या मागून येते.

परंतु दोषी माणसाला निर्दोषी ठरविणारा न्यायाधीश अन्यायी नव्हे काय? नीतिसूत्रांत तर अशा न्यायाधीशाचा धिक्कारच केला आहे. या प्रश्नाचें उत्तर वधस्तंभापाशीं आहे. दंड रद्द झाला नाहीं. तो ख्रिस्तानें आपल्या जिवानें भरला. विश्वास म्हणजे त्या भरणारावर आपला भार टाकणें. तो विश्वासही आपलें पुण्यकर्म नव्हे. विहिरींत पडलेल्यानें दोर धरला, म्हणून त्यानें स्वतःच स्वतःला वर काढलें, असें कोणी म्हणत नाहीं.

चौथ्या अध्यायांत पौल न्यायसभा सोडून जणूं पेढीवर येऊन बसतो. काम करणाराला मिळते ती मजुरी. ती कोणी देणगी म्हणून वहींत लिहीत नाहीं. अब्राहामाच्या खातीं जें जमा झालें तें मजुरी नव्हतें, आणि तें जमा झालें त्याची सुंता होण्यापूर्वीं. याकोब आपल्या पत्रांत तोच अब्राहाम पुढें करून उलट बोलतो असें वाटतें खरें; पण त्याची गोष्ट इसहाकाच्या अर्पणाची, म्हणजे उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायांतली, आणि पौलाची पंधराव्यांतली. मध्यें कित्येक वर्षें गेलीं. झाड लावल्या दिवशीं फळ मागणें व्यर्थ. पण वर्षानुवर्षें फळच नसेल, तर झाड जिवंत आहे कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे. लूथरला मात्र याकोबाचें पत्र कधींच फारसें रुचलें नाहीं. थोर माणसांचेही कांहीं हट्ट असतात.

या मतावरून मंडळी दुभंगली. कॅथलिक धर्मसभेनें ट्रेंट येथें १५४७ मध्यें लूथरचें मत नाकारलें. पुढें १९९९ च्या ३१ ऑक्टोबरला ऑग्सबर्ग येथें दोन्ही पक्षांनीं या विषयाच्या मूलतत्त्वांवरील संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सगळे वाद मिटले असें नव्हे.

आतां विद्यार्थ्याचा प्रश्न. पंडिता रमाबाईंचें बालपण तीर्थें, व्रतें आणि उपास यांत गेलें. १८८३ मध्यें त्यांनीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाहीं, हें आपणांस सुमारें आठ वर्षांनीं उमगलें, असें त्या स्वतःच सांगतात. केडगांवचें मुक्ति मिशन, दुष्काळांतून आणिलेल्या मुली, बायबलचें भाषांतर, हीं सारीं कामें त्यानंतरचीं. हिशेब चुकता झाल्याची पावती हातीं आल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहींत.

पालकांसही एक गोष्ट सांगावीशी वाटते. परीक्षेचा निकाल लागला कीं, शाळेच्या फाटकाशीं घुटमळणारीं मुलें मी दरवर्षीं पाहतों. नापास झाल्याच्या दुःखाहून, घरीं आपण अजून घरचे ठरतों कीं नाहीं, याचीच त्यांस अधिक धास्ती असते. लूकच्या पंधराव्या अध्यायांतील धाकट्या मुलानें परत येतांना बापापुढें बोलावयाचें भाषण आधींच जुळविलें होतें. त्याच्या शेवटीं आपल्याला मोलकरी म्हणून ठेवावें अशी विनंती होती. म्हणजे तो मजुरीच मागणार होता. बापानें त्याला त्या वाक्यापर्यंत पोहोंचूंच दिलें नाहीं. झगा, अंगठी आणि जोडे मागविले. वडील मुलगा शेतांतून आला तो हिशेब घेऊनच: इतकीं वर्षें राबलों, आणि एक करडूंही मिळालें नाहीं! घरीं राहूनही तो मजूरच राहिला होता. त्याची समजूत घालावयालाही बाप बाहेर आला. मुलगा आंत गेला कीं नाहीं, तें येशूनें सांगितलेलें नाहीं.